बोलेरो पसंत आहे

मुलगी पाहायला गेलो आणि मला बोलेरो पसंत पडली.

तोवर माझं आणि गाड्यांचं काही नातं नव्हतं. नांदेडात माझं औषधांचं दुकान. गाडी म्हणजे माझ्या स्कूटरच्या आडवी येणारी वस्तू, एवढीच ओळख! त्या दिवशी आई, मामा आणि मी भाड्याच्या एका छोट्या गाडीतून उदगीरला निघालो. मुखेडच्या पुढं रस्त्याचं काम निघालेलं. दर खड्ड्याला गाडीचं पोट घासायचं आणि दर घासण्याला आई "शिव शिव" म्हणायची. उदगीर जवळ आलं (माझा शर्ट अजून कडक, पावडर शाबूत) आणि गाडी एका चरात जी बसली, ती बसलीच. मामांनी मुलीच्या वडिलांना फोन लावला. थोड्या वेळानं धुळीतून ती आली.

पांढरीशुभ्र. पुढून चौकोनी, मागून चौकोनी, बाजूनं तर त्याहून चौकोनी! हल्लीच्या गाड्या कशा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत; ही म्हणजे लोखंडी कपाटाला चाकं लावलेली. चालवत होते स्वतः आप्पा, म्हणजे मुलीचे वडील, मोंढ्यातले (धान्याच्या बाजारातले) डाळीचे व्यापारी. आम्ही बसलो. पुढं तसाच दुसरा चर आला. गाडी उतरली, चढली, पुढं निघाली. आई देवाचं नाव घ्यायचंच विसरली!

"घरात बसल्यावानी वाटायलंय," ती म्हणाली.

मी खिडकीची काच उगाच दोनदा खालीवर केली.

बैठकीत शिल्पा, म्हणजे मुलगी, ताटल्यांतून सुशीला घेऊन आली. (मुरमुऱ्यांची. आमच्याकडं पोह्यांचा मान तिलाच.) शिल्पा समोर बसली. तिच्या मागं खिडकी, खिडकीत अंगण आणि अंगणात बोलेरो.

"कसा टक लावून पाहायलाय पोरगा," कुणीतरी आत्या कौतुकानं कुजबुजली.

"काही इचारायचं असल तर इचारा की," आप्पा म्हणाले.

"सर्व्हिसिंग कुठं करताव? लातूरला का इथंच?"

मामांनी मला असा चिमटा काढला की सुशीला ताटलीतून उडाली.

मग मुलामुलीनं जरा मोकळं बोलावं म्हणून आम्हा दोघांना अंगणात पाठवलं. अंगणात! मी शिल्पाला तिच्या कॉलेजचं नाव विचारलं. तिनं सांगितलं असावं. माझा हात तोवर बोनेटवर गेला होता आणि तिथंच फिरत होता.

"हिला पण चहा आणू का?" शिल्पानं विचारलं.

मी चमकून वर पाहिलं. ती ओठ दाबून हसत होती. तेव्हा मला शिल्पाही आवडली. अगदी मनापासून आवडली. लग्न करीन तर हिच्याशीच, असं तिथंच ठरलं.

नांदेडला परत आलो आणि मामांचा फोन आला. "मन्मथ, आप्पांचा नकार हाय. गाडी मागणारा जावाई नको म्हणून राहिलेत."

"मी कुठं मागितली?"

"बोनेटवर हात फिरवलास का न्हाई? समद्या बायांनी खिडकीतून पाह्यलंय!"

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. मुलाकडचे कधी तोंडानं काही मागत नाहीत. नुसतं "तुमचा टीव्ही लई मोठा हाय हो" म्हणतात आणि मुलीकडचे काय ते समजून घेतात. त्या हिशोबानं मी बोलेरो आरसी बुकासकट मागितली होती!

शिल्पा हातची जाणार, या विचारानं माझं दुकानात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी जुलाबाचं देणार होतो. सरळ शटर ओढलं आणि उदगीरची बस धरली. आप्पा मोंढ्यातल्या आपल्या आडतीत लोडाला टेकून बसले होते.

"आप्पा, मला गाडी नको," मी दारातूनच सांगितलं.

"मंग काय, प्लॉट पाहिजे?"

"प्लॉट पण नको!"

"आगं माय! म्हंजे त्याच्याहून मोठं कायतरी हाय."

"मला फक्त शिल्पा पाहिजे!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारच्या आडतीतला तुरीचा सौदा थांबला. हमाल पोती टेकवून ऐकू लागले.

"असं?" आप्पांनी चष्मा काढला. "मंग गाडीकडं काय पाहत होताव?"

"आवडली म्हणून. देवळातली मूर्ती आवडती, म्हणून घरी उचलून नेतो का कुणी?"

आप्पांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग उठले आणि म्हणाले, "चला." त्यांनी मला गावाबाहेर नेलं, बोलेरोचा एकेक गुण समजावला, शेवटी चक्क स्टिअरिंग हातात दिलं. घरात त्यांच्या तोंडून गाडीचं कौतुक ऐकून घेणारं कुणी उरलंच नव्हतं! परत आल्यावर त्यांनी साऱ्या मोंढ्यादेखत जाहीर केलं, "पोरगी दिली! गाडी देणार न्हाई!"

लग्न झालं. पाठवणी बोलेरोतूनच. ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, म्हणून आप्पा स्वतः आम्हाला नांदेडला पोचवायला आले. शिल्पा वाटेत एकदाही रडली नाही. दारात आम्हाला उतरवून आप्पांनी गाडी वळवली. गल्लीच्या टोकाला तिचं मागचं स्टेपनीचं चाक दिसलं, आणि दिसेनासं झालं.

"आगं बया," शेजारच्या काकू ओरडल्या, "नवरी सोडून नवरदेवच रडून राहिलाय की!"

शिल्पानं सगळ्यांदेखत पदरानं माझे डोळे पुसले. पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "उगी उगी. पंचमीला माहेरी नेते की तुम्हाला."