चाचांचे चार कोपरे

आलापल्लीचे टीव्ही मेकॅनिक चाचा कोणाच्याही घरी गेले की टीव्हीवरच्या चित्राचे आधी चार कोपरे पाहायचे. सामना अटीतटीला आला असला तरी त्यांची नजर कोपऱ्यात. "मधातलं तं कोनीबी पाह्यते," ते म्हणायचे. "कापाकापी काठाले होते."

आमच्याकडे नवा सपाट टीव्ही आला आणि चाचांचं बाबांशी बिनसलं. केबलचं चित्र चौकोनी, टीव्ही लांबट, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायच्या. बाबा शाळामास्तर; रिकामी जागा त्यांना सहनच होत नसे. "बत्तीस इंची घेतला, तर बत्तीस इंच भरला पाहिजे!" चाचा चित्र नीट करून जायचे, बाबा मागून ते ताणायचे. बातम्या देणारी मुलगी आठवडाभर फुगलेली दिसायची. मग बाबांना झूम सापडलं. मुलगी बारीक झाली, पण कपाळ गेलं. "पट्टी राहू द्या नं, गुरुजी," चाचा कळवळायचे, "मानूस काऊन कापता?" बाबांनी ऐकलं नाही. हट्ट हा आमच्या घरचा वारसा आहे आणि मीही तो जपला आहे.

ताईच्या लग्नाचं शूटिंग एचडी कॅमेऱ्याने झालं, म्हणजे चित्र टीव्हीसारखंच लांबट. ते पाहायला आणि माहेरी आलेल्या ताईला सासरी न्यायला मुलचेऱ्याहून विहीणबाई आल्या. अर्ध्या तासात त्या ताडकन उठल्या. प्रत्येक दृश्यात त्यांचा एक खांदा आणि अर्धी नथ.

"मले मुद्दाम कापलं! ठेवा तुमची पोरगी तुमच्याच घरी." त्यांनी पिशवी उचलली. ताई रडायला लागली. मी धावत जाऊन चाचांना आणलं.

चाचांनी घाईत भलतंच बटण दाबलं. विहीणबाई अख्ख्या दिसल्या, पण बांबूसारख्या लांबट. "एवढी वाळली हाव मी?" त्या कडाडल्या.

"थांबा, बाई. तुमाले कोनी नाई कापलं. झूम चित्र मोठं करते अन् कडा बाहेर सांडवते," असं म्हणत चाचांनी झूम काढलं, कडा छाटणारी सेटिंगही बंद केली. चित्र टीव्हीभर पसरलं. एकही पट्टी नाही! बाबांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

पडद्यावर पाठवणी चालू होती. मधोमध आई रडत होती आणि अगदी काठाला, आईपेक्षा जास्त, विहीणबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"बंद करा नं ते," विहीणबाई हळूच म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवली. संध्याकाळी ताईला घेऊनच गेल्या.

काही वर्षांनी चाचा वारल्याचं कळलं, त्या दिवशी बाबांनी ते शूटिंग पुन्हा लावलं. चाचा कुठेच नव्हते. "ते हॅलोजन दिव्याची वायर धरून कॅमेऱ्याच्या मागे उभे होते," आई म्हणाली. बाबांनी आवाज वाढवला. पाठवणीच्या रडारडीत मागून ऐकू आलं, "रडा, बाई, रडा. पन वायरवरचा पाय काढा."

बाबा तेवढंच पुन्हा पुन्हा लावत राहिले.