आत्याच्या गाईचा अडकलेला ढेकर

तमाम सुजाण जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अवघ्या पृथ्वीची हवा तापवणारा वायू मी प्रत्यक्ष पेटलेला पाहिला आहे. कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे. मिरजगावजवळ, आत्याच्या वस्तीवर, तिच्या गाईच्या डाव्या कुशीवर.

नव्वदचं दशक. मी शेतकी पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो आणि शिकलेलं कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला जेवण जात नव्हतं. सुट्टीत आत्याकडे गेलो. पहिल्याच संध्याकाळी तिला आणि शेजारच्या तात्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, की गाईच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन होतो, तो हवेत जाऊन ऊब धरून ठेवतो. शिवाय त्याच्यामुळे उन्हात ओझोन वाढतो आणि तो जमिनीलगत साठला की पिकांची पानं करपतात.

“म्हंजी वहिनी, औंदा माजी ज्वारी तुमच्या गाईच्या पादण्यानं गेली म्हना की!” तात्या म्हणाले.

“पादण्यानं नाही, तात्या. बहुतेक सगळा ढेकरातून जातो.”

“मंग ढेकर दिऊ नगं, म्हनून सांगते तिला,” आत्या म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

सकाळी गाईनं दावं सोडवलं आणि तात्यांच्या शेतात, दवानं भिजलेल्या लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्यात शिरली. आम्हाला पत्ता लागेपर्यंत तिनं पोटभर हाणला होता. तासाभरात डावी कूस ढोलासारखी तट्ट फुगली. रवंथ बंद, मान लांब, जीभ बाहेर. माझ्या लगेच लक्षात आलं. कोवळ्या घासाचा पोटात फेस झाला होता, ढेकर अडकला होता, आणि सगळा वायू आतून तिची फुप्फुसं दाबत होता. आत्याकडे ही एकच गाय. ती आडवी झाली असती, तर पुन्हा उठली नसती.

तात्या मोटारसायकलवर डॉक्टरांना आणायला सुटले. मी गाईच्या तोंडात लगामासारखी आडवी काठी बांधली, म्हणजे ती चघळेल आणि ढेकर सुटेल. सुटला नाही. गोडेतेल पाजलं, अर्धं माझ्याच अंगावर आलं. तिचे पुढचे पाय वाकायला लागले, तसा मी खांदा लावून उभा राहिलो. आत्या तोवर माझ्याकडे एकटक बघत होती.

“काल तिच्या पोटावर येवढं बोललास. तुजीच दिष्ट लागली रं!” म्हणाली आणि तरातरा घरात गेली.

डॉक्टर आले, गाईकडे एक नजर टाकली आणि पेटीतून नळी चढवलेलं जाडजूड दाभण काढलं. “तात्या, विडी फेका आधी. धरा रे घट्ट.” कुशीच्या खोलगट जागी बोटांनी अंदाज घेतला आणि खच्चकन भोसकलं. दाभण बाहेर ओढलं, नळी तशीच ठेवली. सूऽऽ आवाज करत आंबूस वास सुटला. पोट बोटबोट उतरू लागलं. पण गाय गुडघ्यांवर आली होती, डोळे पांढरे. डॉक्टरांनी श्वास रोखला, म्हणून मीही रोखला.

अशा वेळी मागून आत्या आली. हातात निखाऱ्यांचं खापर, त्यात मीठ, मोहरी आणि सात मिरच्या चांगल्या भडकलेल्या. कुणी काही म्हणायच्या आत तिनं दृष्ट काढायला ते खापर गाईवरून ओवाळलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते नळीजवळून गेलं आणि भप्पकन जाळ झाला. वीतभर, निळसर. केस जळल्याचा वास आला. तात्या उडी मारून उकिरड्यात पडले. डॉक्टरांनी पाण्याच्या बादलीतलं गोणपाट ओढून नळीवर दाबलं.

जाळ विझला. आणि त्या भीतीनं गाय, जी मघापासून आडवी पडायच्या बेतात होती, धडपडत चारी पायांवर उभी राहिली. मान झटकली. मोठा श्वास घेतला. थोड्या वेळानं तिनं समोरची कडब्याची पेंढी हुंगली, तेव्हा मी तिच्या तोंडातली काठी सोडली.

डॉक्टर गोठ्याच्या मेढीला टेकले. “मावशी,” ते कसेबसे म्हणाले, “घोटभर चहा मिळेल का?”

आत्यानं हातातल्या खापराकडे पाहिलं, मग गाईकडे.

“ठिवते की. चुलीवर ठिवू, का हिच्यावरच?”