राजेश्वरीचा कोरा पेपर

सतरा वर्षांच्या नोकरीत वर्गात डस्टर मी एकदाच फेकलं, आणि ते राजेश्वरीपायी. तिच्या अंगावर नाही, भिंतीवर. पण फेकलं हे खरं. माझा स्वभाव तापट आहे हे पोरांनाही ठाऊक आहे. पण वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी आठवीच्या वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर कोरा देते म्हटल्यावर कुठला मास्तर शांत राहील?

आमची शाळा कवठे महांकाळच्या अलीकडं, पाचवी ते दहावी. मी सांगलीहून मोटारसायकलवर येतो, गणित शिकवतो आणि गणित न येणाऱ्यांवर ओरडतो. राजेश्वरीवर ओरडायची वेळ कधी आली नव्हती. फळ्यावर माझं उदाहरण लिहून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. मग वहीत पायऱ्या मांडायची, त्याही माझं मन राखायला. एकदा भर वर्गात म्हणाली, "सर, तितं वजा पायजे." खरंच वजा पाहिजे होतं. मला राग आला आणि आनंदही झाला.

दिसायला अगदी काडी. वय चौदा, पण सहावीच्या रांगेत उभी केली असती तर खपून गेली असती. जानेवारीत तपासणीचं पथक आलं तेव्हा वजन भरलं एकतीस किलो आणि रक्त सात. डॉक्टरीण बाई मला म्हणाल्या, हिला अंडी, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ द्यायला सांगा. मी मान हलवली. दर सोमवारी लोहाची गोळी द्यायची, जेवणानंतर, असंही सांगितलं. मी ते रजिस्टरला नोंदवलं आणि माझं काम झालं असं समजलो.

तर तो कोरा पेपर. विज्ञानाचाही कोराच निघाला. मी तिला वर्गात उभं केलं. काय काय बोललो ते आता आठवायलाही नको वाटतं. लग्न ठरलंय का तुझं, कुणाच्या नादी लागलीस का, असलं सगळं विचारून झालं. ती खाली बघत एवढंच म्हणाली, "येत न्हवतं, सर." त्यावर ते डस्टर गेलं.

शाळा सुटल्यावर मनुबाईंनी मला फाटकात अडवलं. मनुबाई म्हणजे आमच्या शाळेची खिचडी शिजवणारी बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि बोलायला कुणाला भ्यायची नाही.

"आवं सर, पोरीला कशाला बोलला? नववीला खिचडी न्हाई."

"मग?"

"मग काय? ती आठवीतच ऱ्हाती म्हनली."

मला कळायला वेळ लागला. गणिताच्या मास्तराला लागायला नको होता एवढा लागला. दुपारचं जेवण सरकार आठवीपर्यंत देतं. नववी-दहावीची पोरं त्याच घंटेला बाहेर येतात, ज्यांच्याकडं डबा आहे ते डबा उघडतात, ज्यांच्याकडं नाही ते नळावर जातात आणि नंतर पुस्तक घेऊन लिंबाखाली बसतात. सरकारच्या मते चौदाव्या वर्षानंतर माणसाला भूक लागत नसावी. आदल्या वर्षी मनुबाईंनी पातेल्याच्या बुडाची खरवड नववीच्या पोरींना दिली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं. तांदूळ हजेरीप्रमाणे मिळतो, तो दुसऱ्यांना कसा वाढला, म्हणून हेडमास्तरांनी त्यांना लेखी समज दिली. तेव्हापासून खरवड भिजत पडते.

पूर्वी आठवीपर्यंत कुणी नापास होत नसे. आता पुन्हा नापास करतात. जूनमध्ये फेरपरीक्षा, तीतही पास झालं नाही तर पोरगं त्याच वर्गात. हा नियम आला तेव्हा आम्ही मास्तर मंडळी शिक्षणाच्या दर्जावर बोललो होतो. राजेश्वरीनं त्यातनं आपल्या ताटाची सोय काढली.

मी तिच्या घरी गेलो. वडील भाऊसो कर्नाटकात बोअरच्या गाडीवर, वर्षातनं दोनदा येणार. आई रेश्मा सकाळी सहाच्या टेंपोनं तासगावकडं द्राक्षबागेत. पहाटे भाकरी होतात तीन. दोन आईच्या फडक्यात, कारण ती दिवसभर राबणार. एक धाकट्या साईराजला, कारण तो लहान आणि मुलगा. दारात गाय होती, पण दूध डेअरीला. राजेश्वरीला कोरा चहा आणि असला तर टोस्ट. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते. यात कुणी दुष्ट नव्हतं. रेश्मानं मला चहा दिला तोही दुधाचा, पाहुणा म्हणून. मी तो प्यालो.

राजेश्वरी दाराशी बसली होती. मी म्हणालो, "तू पास हो. तुझा डबा मी आणीन."

"किती दिस, सर?"

"दहावी होईपर्यंत."

"आनि तुमची बदली झाली मंजी?"

आमच्या संस्थेत दर उन्हाळ्यात बदल्या होतात.

"आनि पूजा? माझ्या बाकावरची ती बी नववीत उपाशीच ऱ्हानार. तिच्यापुढं मी कशी खाऊ?"

चौदा वर्षांच्या पोरीनं असं कोंडीत पकडल्यावर माणूस चिडतो. मी चिडलोच. म्हणालो, अशी आठवीत किती वर्षं बसणार आहेस? तिनं सरळ उत्तर दिलं, "बसू देतील तितकी."

जूनमध्ये तिनं फेरपरीक्षा दिली. पर्यवेक्षक मीच होतो. तिनं तीन तास मान वर केली नाही, तेव्हा मी मनात आशा धरली. पेपर हातात आला तर उत्तरांची पानं कोरी. शेवटच्या पानावर मात्र, कच्च्या कामाच्या जागी, सगळीच्या सगळी उदाहरणं सोडवलेली. मुंगीएवढ्या अक्षरात, पायऱ्यांसकट, एकही चूक नाही. आणि त्या सगळ्यावरून एक आडवी रेघ. पोरीला नापास व्हायचं होतं, पण गणित समोर आल्यावर तिला राहवलं नव्हतं.

रेघ मारलेलं तपासायचं नसतं, असा नियम आहे. मी ते तपासलं. विज्ञानाच्या बाईंनाही गळ घातली. हेडमास्तरांना ती आडवी रेघ दाखवलीच नाही. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो हेही सांगून टाकतो. एका हुशार पोरीचं वर्ष वाचवलं, या थाटात मी सांगलीपर्यंत शीळ घालत गेलो.

ऋचा, माझी बायको, रोज चार चपात्या जास्त करायला लागली. डबा मी राजेश्वरीकडं द्यायचो आणि तो पूजाबरोबर अर्धा अर्धा संपायचा. पाच आठवडे हे चाललं. मग मुलींच्या संडासाच्या भिंतीवर कुणीतरी खडूनं तिचं नाव लिहिलं आणि पुढं माझं. मनुबाईंनी पाणी मारून ते पुसलं, पण गाव वाचून मोकळं झालं होतं. रविवारी हेडमास्तरांनी मला त्यांच्या घरी बोलावून घेतलं, तिथं रेश्मा माझी वाट बघत बसली होती.

"सर, तुमच्या मनात काय न्हाई, मला ठावं हाय. पर लोक लय वंगाळ हायती. पोरीचं कसं व्हायचं म्होरं? डबा नगा देऊ."

मी डबा बंद केला. भांडायला पाहिजे होतं, सगळ्या नववीसाठी काहीतरी करायला पाहिजे होतं, हे आता सुचतं. त्या वेळी मला माझी नोकरी दिसली, माझी अब्रू दिसली. हेडमास्तर म्हणाले, बरं केलंत. मला बरं वाटलं, आणि त्याची अजून लाज वाटते.

मग सोमवार यायचे. गोळी जेवणानंतर घ्यायची, पण नववीचं जेवण कुठलं? राजेश्वरी रिकाम्या पोटी गोळी घ्यायची आणि नळामागं जाऊन ओकायची. पुढं पुढं ती गोळी हातात घेऊन खिशात टाकायला लागली. मी बघितलं आणि रजिस्टरवर बरोबरची खूण केली. वर्गात तिची उत्तरं उशिरा यायला लागली, आधी माझं लिहून झाल्यावर, मग विचारल्यावर, मग विचारूनही नाही. दुपारनंतरच्या तासाला ती बाकावर डोकं टेकायची. मी तिला एकदाही उठवलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आलीच नाही. आठवडाभर वाट बघून मी एका सकाळी सहा वाजता त्यांच्या गावच्या वेशीत जाऊन उभा राहिलो. द्राक्षाच्या विरळणीचे दिवस, टेंपो बायकांनी खच्चून भरलेला. मागच्या फळीवर आईशेजारी राजेश्वरी होती. डोक्याला स्कार्फ, अंगात वडिलांचा फुल बाह्यांचा शर्ट.

"शाळेत का येत नाहीस?"

ती आईकडं बघून मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तितं धाला पोहे देत्यात, सर. परत मागितलं तरी देत्यात. पूजा बी येती."

"आणि गणित?"

ती पुढं बोलली ते मला टोचावं म्हणून नाही, हे मी शपथेवर सांगतो. समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "आठवीत ऱ्हायले असते तर आले असते की, सर."

ड्रायव्हरनं टेंपो काढला. रेश्मानं मला नमस्कार केला. मला शाळेत पोचायचं होतं, पहिला तास नववीचाच होता. जाऊन हजेरी घेतली. राजेश्वरीच्या नावापुढं गैरहजर लिहिलं. दुपारी घंटा झाली, आठवीची पोरं ताटं घेऊन रांगेला लागली आणि मनुबाई वाढायला लागल्या. त्या रांगेत ती असती. जेवली असती, आणि जेवून माझ्या तासाला येऊन बसली असती. मी तिला पास केलं.