"इकडे बघ" न म्हणणाऱ्या सुनंदाबाई

सुनंदाबाईंनी आयुष्यभर लहान पोरांचे फोटो काढले, पण "इकडे बघ" असं एकाही पोराला म्हटलं नाही. गळ्यात कॅमेरा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत काय, तर कागदी भिरभिरं, नारळाची करवंटी, एक घुंगरू आणि दांडा मोडलेली छत्री. एवढ्यावर ही पाली गावची बाई रेवदंड्याच्या किनाऱ्यावर रडकी पोरं हसवायची. "हाताला काम द्यायचं, बाबा. हात गुंतले की तोंड मोकळं होतं," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

मी चौथी शिकलेला कोळी. चाळीस वर्षं होडी हाकली, कुणाचं ऐकून घेतलं नाही. मला वाटायचं, ही रिकामटेकड्या लोकांची हौस.

माझी नात जुई तेव्हा सहा वर्षांची. तिचा डावा डोळा तिरळा. शाळेतली पोरं चिडवायची, "एक डोला रेवदंड्याला, दुसरा अलिबागला." पोरीने मान खाली घातली ती घातलीच. जेवतानासुद्धा वर बघेना. शाळेत जाणंही सुटलं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने फरक पडेल, पण डोळा तपासू तर दिला पाहिजे. ती हनुवटी छातीला चिकटवून बसली. शेवटी सूनबाईने सुनंदाबाईंना बोलावलं. "एक चांगला फोटो निघू दे, ताई. तिलाच दाखवू," म्हणाली.

मी अलिबागहून काळा गॉगल आणला होता. ऐटीत जुईच्या डोळ्यांवर चढवला. सुनंदाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळू विचारलं, "गॉगल कुणाला हवाय बाबा, तिला की तुम्हाला?"

मला राग आला, कारण उत्तर माहीत होतं.

सकाळची वेळ, ओहोटी लागलेली. बांबूंवर वाकट्यांची मासळी सुकत होती. बाईंनी पिशवी उघडलीच नाही. आमचीच मासळीची टोपली उचलली आणि जुईला बसायला म्हणून वाळूवर पालथी घातली. मी ओरडलो, "सरळ कर ती. माझा पोरगा दर्यात हाय." होडी दर्यात असताना आमच्या घरात टोपली, घमेलं, काही पालथं ठेवत नाहीत. बाहेरच्यांना हसू येतं. बाईंना आलं नाही. त्यांनी झटकन टोपली सरळ केली आणि कान धरले. "चुकलं बाबा. मला ठाऊक नव्हतं. आता तुम्हीच सांगा, हिचं काय करू?"

तेवढ्यात जुई स्वतःच टोपलीत जाऊन बसली. गुडघे पोटाशी, गॉगल नाकावर. लहान असताना मी तिला त्याच टोपलीत बसवून वाळूवर ओढायचो. खाली बघतच ती पुटपुटली, "आजा, होडी ढकल ना."

माणसं बघत होती. मी म्हातारा, भर किनाऱ्यावर टोपल्या ओढू? मी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्या ओल्या वाळूत गुडघे टेकून, डोळ्याला कॅमेरा लावून गप्प बसलेल्या. ना "हं", ना "चला". लाट येऊन त्यांचं लुगडं भिजवून गेली, तरी बाई हलली नाही. एवढी वाट बघणारं माणूस मी दर्यावरही पाहिलेलं नाही.

मी वाकलो, टोपलीचा काठ धरला आणि ओढली. टोपली डुलली. गॉगल वाळूत पडला. "आजा, लाट आली, जोरात," म्हणत जुईने मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. खटकन आवाज झाला.

फोटोत जुईचं तोंड आहे, मागे दर्या आहे, आणि माझे फक्त दोन हात. तेव्हा कळलं, त्या दिवशी पिशवीतलं भिरभिरं मीच होतो.

फोटो आणून देताना बाई ओशाळल्या होत्या. "ऊन पाठीवर होतं, बाबा. माझी सावली आली खाली. दुसरा काढते."

"न्हाय. ह्योच दे," मी म्हणालो.

"अहो, बिघडलाय तो."

"माझ्या घरात लावायचाय. मला ठरवू दे."

जुई तो फोटो किती वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मी अशी दिसते?" पुढच्या आठवड्यात तिने डॉक्टरांना डोळा तपासू दिला. आता चष्मा लावून नववीत जाते. डोळा अजून थोडा तिरळा आहे. मान खाली नाही.

यंदा सुनंदाबाई गेल्या. मी आणि जुई पालीला त्यांच्या बहिणीकडे गेलो. घरची माणसं फुलं वाहायला फोटो शोधत होती, तर घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. कायम कॅमेऱ्यामागे. बहीण म्हणाली, "हजारो पोरांचे काढले, स्वतःचा कधी काढू दिला नाही."

घरी आल्यावर जुईने भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला. टोपलीच्या काठापाशी, ओल्या वाळूवर, गुडघ्यावर बसलेली एक सावली. दोन्ही कोपर बाहेर, हातात कॅमेरा.

आम्ही तिथेच फूल ठेवलं.