आक्काचं कपाट

आक्का एरवी कुणाला मोठ्याने बोलायची नाही, पण आजोबांच्या शिसवी कपाटाला कुणी ओला हात लावला की घर डोक्यावर घ्यायची. लग्न करायचं तिचं राहूनच गेलं. आधी आईचं आजारपण, मग वडिलांचं. धाकटा भाऊ पंख फुटताच उडाला. घरात उरली ही, अंथरुणाला खिळलेले वडील आणि ते कपाट.

दर रविवारी ती दोन फडकी घेऊन बसायची. तेल लाकडावर ओतायचं नाही, फडक्याला लावायचं. हात लाकडाच्या रेषेनेच फिरवायचा. मग कोरड्या फडक्याने घासायचं, खांदे भरून येईपर्यंत. हे सगळं वडिलांनी शिकवलेलं. "लाकडाला पाणी म्हणजे विष गं," असं ते सांगायचे. शेवटी शेवटी म्हणाले, "तूच जपलंस, हे तुझंच." म्हणाले खरे, पण फक्त तिच्यापुढे. मुलापुढे मात्र त्यांची जीभ कधी रेटली नाही.

वडील गेले. भाऊ-भावजय येणार म्हणून या वेडीने कपाट आरशासारखं चकचकीत केलं. अहो, धुळीत पडू दिलं असतं तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं! पण सवयीला औषध नाही.

"अगंबाई, नवंकोरं दिसतंय की," भावजय दारातूनच म्हणाली. "आमच्या हॉलमध्ये काय शोभेल!"

"आक्का, तुला एकटीला कशाला लागतंय एवढं मोठं धूड?" भाऊ म्हणाला.

"बाबा म्हणाले होते, ते माझं आहे."

"कधी? मला तर काही बोलले नाहीत."

झालं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. हमालांनी कपाट उचललं तेव्हाही आक्का मागून ओरडत होती, "सांभाळून रे, कोपरा घासेल!"

पुढे एका रविवारी भावजयीचा फोन आला. पुसायला काही उरलं नव्हतं, तरी आक्का तेलाची बाटली आणि फडकी घेऊन बसली होती.

"वन्सं, कपाट निस्तेज दिसायला लागलंय हो. तुम्ही काय लावत होता त्याला?"

आक्काने हातातल्या बाटलीचं बूच घट्ट लावलं. मग म्हणाली, "काही नाही गं, साबणाचं गरम पाणी. घासणीने चांगलं खसाखसा घास. नक्षीसुद्धा सोडू नकोस."

"आणि मग?"

"मग बाल्कनीत ओढ. कडक उन्हात वाळू दे दिवसभर."

"इतकं सोपं? मी उगाच घाबरत होते बाई!"

फोन ठेवला आणि आक्काला रडू फुटलं. वडिलांच्या वेळीसुद्धा ती इतकी रडली नव्हती. दोनदा तिने फोन हातात घेतला. दोन्ही वेळा खाली ठेवला.

मग ती उठली, तेलाची बाटली मोरीत रिकामी केली, ते कोरडं फडकं बादलीत बुचकळलं आणि फरशी पुसायला बसली.