केवळाबाईचं तळं

हदगावकडची केवळाबाई लातूरला आली ती लेकीच्या डॉक्टरकीसाठी. साक्षी अकरावीला, डोळ्यांपुढे नीटची परीक्षा. अशा वेळी आईनं लातुरात खोली घ्यायची, स्वयंपाक सांभाळायचा आणि बापानं गावाकडं शेत बघायचं, हा आता रिवाजच झालाय. क्लासच्या गल्ल्यांत अशा आया खंडीभर सापडतात.

खोली सिद्धम्माची. किल्लारीच्या भूकंपात तिचं घर गेलं, घरातली माणसंही गेली. लातूरला येऊन तिनं पत्र्याच्या खोल्या बांधल्या. डोक्यावर स्लॅब नको म्हणजे नकोच. पण रडत बसणारी बाई नव्हे ती. रोज सकाळी गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत ठणठणीत फिरून यायची.

साक्षी क्लासला गेली की केवळाबाईला करमेना. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासायला लागली, तेव्हा सिद्धम्मानं तिला ओढतच तळ्यावर नेलं. पाण्यावर थवा उतरला आणि केवळाबाईचा हात सवयीनं दगडाकडं गेला. ज्वारी राखताना जन्मभर गोफण फिरवलेली बाई, दुसरं काय करणार!

"अगं, काय करायलीस?" सिद्धम्मा खेकसली. "इथं कुनाचं पीक हाय? बस गुमान, बघ."

केवळाबाई बसली. जन्मभर पाखरं हाकलली होती, निवांत पाहिली कधीच नव्हती. केशरी अंगाचे चक्रवाक बघून ती हरखूनच गेली. मग काय, तळ्याची चटकच लागली. पुण्याहून कॅमेरे गळ्यात घालून येणाऱ्यांना ती चिडवायची, "पाखरं बघायला एवढं डिझेल जाळलं व्हय?" परतताना गंजगोलाईच्या बाजारात भाजी घ्यायची, सिद्धम्मासोबत चहा घ्यायचा. ना कुणाची हाक, ना कुणाचं बोलणं. बाई सुखात होती, अगदी आकंठ सुखात.

बघता बघता दोन वर्षं सरली, साक्षीच्या नीटचा निकाल लागला. एमबीबीएसला गुण कमी पडले. उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीला मात्र जागा मिळत होती. नातेवाइकांनी लकडा लावला, पोरीनं एक वर्ष रिपीट करावं. नवरा, शेषेराव, लातूरला आला.

"तूच सांग," तो म्हणाला. "अजून वरीसभर हाल तुलाच काढायचेत."

हाल! केवळाबाईनं पदराआड हसू दाबलं. नुसतं 'हाव' म्हणायची खोटी. वर्षभर तळं तिचं, आणि वर साऱ्या गावाची शाबासकी. लई मोह झाला तिला. तेवढ्यात तिचं लक्ष साक्षीकडं गेलं. पोर भिंतीला टेकून बसली होती, तोंड पार सुकलेलं.

"तुला काय पायजे?"

"उदगीर," साक्षी हळूच म्हणाली. "मला जनावरं आवडतेत, माय."

"मंग उदगीरच," केवळाबाईनं सांगून टाकलं आणि तिला रडूच कोसळलं.

शेषेरावाला वाटलं, एमबीबीएस हुकल्याचं दुःख. "रडू नगं. सुटलीस आता तू."

"लई सुखात होते मी हितं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता ऐका. दर म्हैन्याला दोन-चार दिवस मी हितं येनार. सिद्धम्माअक्काकडं."

शेषेराव चक्रावला. "काय काम हाय हितं?"

"काईच काम न्हाई," केवळाबाई म्हणाली. "म्हनून तर यायचंय."