कोरडी ठेवलेली पाकळी

देवीशी केलेली लबाडी पचली, असं मला जवळजवळ तीन महिने वाटत होतं. हे लिहायला मन धजत नव्हतं. पण माझी मुलगी आता भिंतीला धरून चालायला लागली आहे, आणि तिच्या जन्माची गोष्ट तिला कधीतरी कळली तर खरी तीच कळावी, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या खेपेला मी दवाखान्यात बाळंत झाले होते. सगळे रिपोर्ट चांगले होते, दिवसही भरले होते, तरी बाळ हाती लागलं नाही. दोष कुणाचाच नव्हता, हे आज मला कळतं. पण दवाखान्यातल्या पडद्याआड मी एकटीच होते, आणि आजूबाजूची माणसं एकदम हळू आवाजात बोलायला लागली की त्याचा अर्थ काय, हे मी तिथे शिकले. त्यामुळे पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी हटूनच बसले. बाळंत होईन ती घरीच, काशीमावशीच्या हातून. काशीमावशी ही आमच्या नागावातली जुनी सुईण. हल्ली तिला कुणी बाळंतपणाला बोलावत नाही, बाळाला तेल लावून न्हाऊमाखू घालायला तेवढं बोलावतात. माझ्या नवऱ्याची नाळ मात्र तिनेच कापली होती, आणि तिचा हात पाठीवरून फिरला की माझी अर्धी भीती जायची.

गंमत अशी की सासूबाईच माझ्या विरुद्ध होत्या. "माझी चार बाळंतपणं याच घरात झाली, म्हणूनच सांगते, डॉक्टरणीकडं जा," असं त्या रोज म्हणायच्या. नवऱ्याचंही तेच. तो किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवतो आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला बोटीत पाय ठेवू देत नाही, तो बायकोच्या बाबतीत कसला ऐकतोय. तपासणीची तारीख जवळ आली की घरात धुसफूस सुरू व्हायची. शेवटी मीच म्हणाले, आपण देवीला कौल लावू. देवीचा कौल मोडायची आमच्या घरात कुणाची छाती नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या नारळाच्या वाडीच्या टोकाला विहीर आहे आणि तिच्या काठावर शेंदूर लावलेली एक शिळा. तीच आमची देवी. तिला गुरव नाही, ज्याने त्याने आपला कौल आपणच लावायचा. जास्वंदीच्या दोन पाकळ्या विहिरीच्या पाण्यात भिजवून शिळेच्या दोन बाजूंना चिकटवायच्या, मनातलं बोलायचं आणि कुठली आधी पडते याची वाट बघायची. उजवी पडली तर सुईण, डावी पडली तर डॉक्टर, असं ठरलं. डावी पाकळी मी चांगली निथळेपर्यंत भिजवली. उजवी पाण्यावरून नुसती फिरवून पदराला पुसली, जेमतेम चिकटेल एवढीच ओल तिला ठेवली. सासूबाई शेजारी डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. उजवी पाकळी लगेच पडली. त्यांनी डोळे उघडून बघितलं, नमस्कार केला आणि त्यानंतर डॉक्टरणीचं नावही काढलं नाही. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाली ती शरम, पण ती मी गिळून टाकली.

नववा महिना सरत आला होता. मे महिन्यातली दुपार, ऊन अगदी डोक्यावर. नवरा किनाऱ्यावर आणि सासूबाई रेवदंड्याला बाजाराला गेल्या होत्या. मी ओटीवर चिंचा फोडत बसले होते. एकाएकी वारा पडला. माडाची एक झावळी हलेना. आमचा कुत्रा, जो पोस्टमनला वर्षानुवर्षं ओळखूनही भुंकतो, तो शेपूट घालून पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसला. मान वर केली तर पायरीशी काशीमावशी उभी. फाटकाचं बिजागर किती कुरकुरतं, पण मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती नेहमी फाटकातूनच चहाची आरोळी ठोकते, त्या दिवशी गप्प होती. तिच्या लुगड्याचा काठ ठिबकत होता. "मावशी, भिजलात कुठे?" मी विचारलं. ती पायरी चढून वर आली नाही. तिथूनच वाकून तिने माझ्या पोटावर हात ठेवला. तो हात आताच विहिरीतून काढल्यासारखा गार होता.

"सकालपासून हललं का गो?" तिने विचारलं.

मी आठवायला लागले आणि मला काही आठवेना. चिंचांच्या नादात माझं लक्षच नव्हतं. तेव्हा ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ती उजवी पाकळी कोरडी व्हती ना?"

हे मी जगात कुणालाच सांगितलं नव्हतं.  तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "ऊठ," ती म्हणाली. "दवाखान्यात जा. मी हाय तिथं." मग ती वळली आणि केळींच्या मागे, विहिरीकडे गेली.

मी नवऱ्याला फोन केला. तो रिक्षा घेऊन आला तेव्हा तापलेल्या अंगणात ओली पावलं तशीच उमटलेली होती. मे महिन्यात आमच्या अंगणात बादलीभर पाणी ओतलं तरी घटकाभरात सुकतं. तो ती पावलं न तुडवता, वळसा घालून माझ्यापर्यंत आला. का, ते त्याला आजही सांगता येत नाही.

अलिबागला डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले आणि खोलीतली माणसं हळू बोलायला लागली. ज्या क्षणाला मी इतके महिने घाबरत होते, तोच हा क्षण. पण पोटावर तेवढीच एक हाताएवढी जागा अजून गार होती, आणि मी एकटी नव्हते. ताबडतोब ऑपरेशन झालं. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती घेऊन मुलगी आली आणि थोड्या वेळाने रडली. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "अगदी वेळेवर आलात. यायला कुणी सांगितलं?"

"सुईणीने," मी म्हणाले.

"हुशार आहे तुमची सुईण," त्या हसून म्हणाल्या.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी फाटकातून चहाची आरोळी आली. काशीमावशी मुरुडहून परतली होती, लेकीकडे पंधरा दिवस राहून. मी त्या दुपारचं सांगितलं तसा तिने डोक्यावरून पदर घेतला, विहिरीकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाली, "मी न्हवते गो पोरी." एवढंच. मग तिने बाळाला पायांवर घेतलं आणि तेल लावायला लागली. 

त्याच दिवशी मी सासूबाईंचे पाय धरून पाकळीचं सांगितलं. त्या शेक द्यायची शेगडी पेटवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माहीत हाय मला. डोळे मी तेवा पुरते मिटलेच नव्हते."

"मग आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"लबाडी तू तिच्याशी केलीस. तुझं ती बघून घेईल, म्हटलं. मी रोज दिवा तेवढा लावत होते."

मी मोठी हुशारी करून माझ्या मनासारखा कौल पाडून घेतला होता, आणि ही बाई ते बघूनही रोज माझ्यासाठी विहिरीवर दिवा लावत होती. देवीने माझा राग धरला नाही, यामागे किती तिची कृपा आणि किती त्या दिव्याची, हे मला उलगडत नाही, आणि उलगडायची गरजही वाटत नाही. आता आमच्या घरात कौल लावायची वेळ आली की दोन्ही पाकळ्या मी सासूबाईंच्या हातात देते आणि डोळे पुरते मिटते.